घरावर बांधकामाची नोटीस लागली तर काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने: कोकणातल्या घरमालकांसाठी

नोटीस दारावर लागली की आपल्याकडे पहिला फोन जातो सरपंचांना, दुसरा मुंबईतल्या भावाला आणि तिसरा तालुक्याला ओळख असलेल्या कुणाला तरी, आणि या तीन फोनांत आठ दिवस निघून जातात. तोपर्यंत ती नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत कुणी वाचलेलीच नसते. आमच्या वाडीत हे बघितलं, शेजारच्या गावात बघितलं, आमच्या स्वतःच्या घरावरही आलं, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय. मोठे रिसॉर्ट, बिल्डर यांच्यासाठी हे नाही. पडवी बंद करून खोली केलीय, गच्चीवर पत्र्याची शेड टाकलीय, मागच्या बाजूला संडास-बाथरूम वाढवलंय, पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात, अशा साध्या घरमालकांसाठी आहे. यातली बरीच प्रकरणं सुटण्यासारखी असतात, पण क्रम चुकला की सुटणारं प्रकरणही हातातून जातं.

## टप्पा १: नोटीस पूर्ण वाचा, मिळाल्याची तारीख लिहा

नोटीस हातात आली किंवा दारावर दिसली की काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, सगळ्या पानांचे, मागच्या बाजूसकट, आणि दारावर लावलेली असेल तर दार दिसेल असा एक. पाकीट असेल तर तेही ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो.

आमच्या बाबतीत घर बंद होतं, सगळे मुंबईला. गणपतीच्या आधी चुलतभाऊ साफसफाईला गेला तेव्हा त्याला दारावर पावसाने अर्धी भिजलेली नोटीस दिसली, त्याने पहिल्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि आम्ही सगळे त्या एका पानावर चर्चा करत बसलो. दुसऱ्या पानावर सुनावणीची तारीख होती. ती आम्हाला कळली तेव्हा अकरा दिवस गेले होते, आणि मधल्या काळात आम्ही जे उत्तर पाठवलं ते भलत्याच कार्यालयाला गेलं होतं. म्हणून हा टप्पा सगळ्यात वर लिहिलाय.

नोटिशीत चार गोष्टी शोधा. कुठल्या कार्यालयाने काढली, कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली, नेमकं कुठलं बांधकाम म्हटलंय, आणि किती दिवसांत काय करायला सांगितलंय.

कलम सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याचं कलम ५३ म्हणजे बांधकाम काढा किंवा पूर्वीसारखं करा अशी नोटीस. कलम ५४ म्हणजे चालू काम थांबवा. कलम ५२ म्हणजे फौजदारी गुन्हा, त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे, त्यामुळे ५२ चा उल्लेख दिसला तर वकील पहिल्या दिवशीच गाठा. जमीन महसूल संहितेचं कलम ४५ असेल तर मुद्दा बिनशेती परवानगीचा आहे, कलम ५० असेल तर सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाचा. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ किंवा सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, असं लिहिलं असेल तर समुद्र किंवा खाडीपासूनच्या अंतराचा विषय आहे आणि तो पूर्ण वेगळा रस्ता आहे.

मुदतीचं नीट समजून घ्या. कलम ५३ मध्ये दोन प्रकार आहेत. परवानगीच न घेता बांधलं असेल तर कायद्यात चोवीस तासांच्या पूर्वसूचनेची तरतूद आहे. परवानगी घेतली पण मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधलं असेल तर किमान एक महिना द्यावा लागतो. याच्यावर सुप्रीम कोर्टाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे, त्यात कोर्टाने सांगितलंय की पाडकामाआधी कारणे दाखवा नोटीस मिळाल्यापासून किमान पंधरा दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यात जी नंतर संपते ती द्यायची, नोटीस पोचपावतीच्या पोस्टाने पाठवायची आणि घरावरही लावायची, प्रत्यक्ष सुनावणी द्यायची, आणि शेवटचा आदेश झाल्यावरही मालकाला पंधरा दिवस द्यायचे. पण हे संरक्षण रस्ता, फूटपाथ, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला नाही. पाखाडीवर किंवा वहाळात भिंत घातली असेल तर या निकालावर विसंबू नका.

इशारा: नोटीस आजोबांच्या नावाने आलीय आणि आजोबा वारलेत, म्हणून ती आपल्याला लागू नाही असं धरून बसू नका. कोकणात निम्म्या सातबारांवर मयत माणसांची नावं आहेत. वारस म्हणून उत्तर द्या, मृत्यूचा दाखला जोडा, आणि वारस नोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.

तपासा: कॅलेंडरवर शेवटची तारीख आणि सुनावणीची तारीख लाल पेनाने लिहिलीत का? मुदत पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल तर पुढचे टप्पे बाजूला ठेवून टप्पा ६ मधलं छोटं पत्र आधी द्या, मग परत इकडे या.

## टप्पा २: काम थांबवा, पण घाबरून काही पाडू नका

स्लॅब उद्या भरायचाय, गवंडी परत मिळणार नाहीत, म्हणून रात्रीत काम उरकून टाकायचं हे आपल्याकडे सर्रास चालतं. करू नका. नोटिशीनंतर केलेलं काम फोटोत दिसतं, उपग्रहाच्या तारीखवार चित्रांतही दिसतं, आणि मग तुमच्या खरं सांगण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उलट टोकही वाईट. घाबरून पडवीची भिंत पाडणारे बघितलेत, नंतर मोजणीत कळलं की ती भिंत मूळ जोत्यावरच होती. आहे त्या स्थितीत चारही बाजूंनी फोटो घ्या, मापाची टेप धरून घ्या, आणि काम थांबवल्याचं उत्तरात लिहा.

## टप्पा ३: कागद जमवा

लागणारे कागद असे: चालू सातबारा आणि आठ अ, त्या जमिनीचे जुने फेरफार, गावठाणात असाल तर मिळकत पत्रिका किंवा स्वामित्व योजनेची सनद, मंजूर नकाशा आणि परवानगीचं पत्र असेल तर ते, बिनशेती आदेश, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जितका जुना मिळेल तितका, आणि पहिल्या वीज जोडणीची तारीख दाखवणारा कागद.

सातबारा घेतला की लोक फक्त नाव बघतात. इतर हक्काचा रकाना वाचा. तिथे कुळकायद्याचं कलम ४३, खाजगी वन, किंवा बँकेचा बोजा असं काही लिहिलेलं असेल तर ते आत्ताच कळायला हवं, सुनावणीत समोरून कळलं तर बोलायला काही राहत नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. घरपट्टी भरतो, नमुना ८ वर नाव आहे, लाईटचं मीटर आहे, म्हणजे घर अधिकृत, असं नव्वद टक्के लोक ठामपणे सांगतात. तसं नसतं. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. ती मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम परवानगी तर नाहीच. सरपंचांच्या सहीचं ना हरकत पत्र म्हणजेही परवानगी नव्हे. पण हे कागद टाकून देऊ नका, कारण घर कधीपासून उभं आहे हे ते दाखवतात, आणि किनाऱ्यालगत तर ती तारीख सोन्यासारखी असते. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याच्या आधीपासून घर आहे हे दाखवणारा जुना आकारणीचा उतारा तुमच्याकडे असेल तर चर्चा वेगळ्या पातळीवर होते.

मंजूर नकाशा हरवला असेल तर ज्या कार्यालयाने मंजूर केला तिथे नक्कल मिळण्याचा अर्ज करा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो पण उत्तराला तीस दिवस आहेत, नोटिशीची मुदत तोपर्यंत थांबत नाही, म्हणून दोन्ही अर्ज एकदम टाका आणि पोच उत्तराला जोडा.

## टप्पा ४: परवानगी द्यायचा अधिकार कुणाला होता ते शोधा

हे न शोधताच उत्तर पाठवलं की आमच्यासारखं होतं.

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ला, अलिबाग अशा नगरपरिषदेच्या किंवा दापोली, गुहागर, कुडाळ, कणकवली अशा नगरपंचायतीच्या हद्दीत असाल तर नियोजन प्राधिकरण म्हणजे तीच संस्था, अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर प्लॉटच्या आकारावर ठरतं. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने केलेल्या सोयीनुसार सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर राहतं घर बांधताना मालकीचे कागद, नकाशे आणि ते नियमात बसतात असा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला ग्रामपंचायतीत दिला आणि शुल्क भरलं की चालतं. १६०० ते ३२०० पर्यंत ग्रामपंचायत स्वतः बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र देते. त्यापेक्षा मोठं असेल तर महसूल आणि नगररचनेकडे जावं लागतं. १६०० फूट म्हणजे साधारण दीड गुंठा, ३२०० म्हणजे तीन गुंठ्यांच्या जरा आत. आपल्याकडे घर छोटं असतं पण ते ज्या तुकड्यात आहे तो वीस गुंठ्यांचा असतो, आणि इथेच लोक फसतात, घराचं क्षेत्र बघून ग्रामपंचायतीची परवानगी पुरेशी समजतात.

काही किनारी गावांसाठी सिडको किंवा एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, यांची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झालेली आहे. तुमचं गाव त्यात येतं का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, विचारा आणि तहसीलमध्ये खात्री करा.

## टप्पा ५: मोजा, मग तीन गठ्ठे करा

मिस्त्रीने वहीच्या पानावर काढलेला नकाशा इथे चालत नाही. दोन मोजमापं लागतात आणि दोन्ही वेगळी आहेत.

पहिलं, जमिनीची हद्द. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ऑनलाईन होतो, घाई असेल तर द्रुतगतीची जास्त फी भरा. मोजणीनंतर मिळणारा नकाशा, ज्याला क प्रत म्हणतात, तो हातात असल्याशिवाय आपली भिंत आपल्याच हद्दीत आहे असं लिहून देऊ नका. गडगा जिथे आहे तिथे हद्द असतेच असं नाही, पिढ्यान् पिढ्या गडगे सरकलेले आहेत. पावसात आणि भातलावणीत मोजणीला उशीर होतो हे गृहीत धरा आणि अर्जाची पावती उत्तराला जोडा.

दुसरं, घराचा आहे तसा नकाशा. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून काढून घ्या. त्यात जोतं, प्रत्येक मजल्याचं क्षेत्र, उंची, चारही बाजूंचं मोकळं अंतर, सेप्टिक टँक, विहीर, लगतचा रस्ता सगळं हवं. जुनं बांधकाम आणि वाढवलेलं बांधकाम वेगळ्या रंगात दाखवायला सांगा.

नकाशा आला की वादातलं प्रत्येक बांधकाम एकेका गठ्ठ्यात टाका. सगळ्या घराचा एकच निर्णय करू नका, पडवी एका गठ्ठ्यात आणि शेड दुसऱ्या गठ्ठ्यात जाऊ शकते.

पहिला गठ्ठा, परवानगी लागतच नाही असं. कौलं बदलणं, वासे-रिपा बदलणं, गिलावा, फरशी, रंग, आतली किरकोळ दुरुस्ती. एमआरटीपीच्या कलम ४३ मध्ये फक्त घराच्या आतल्या कामाला किंवा बाहेरच्या स्वरूपात फारसा फरक न पडणाऱ्या दुरुस्तीला सूट आहे. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर ज्यांनी उडालेलं छप्पर परत घातलं त्यांना हा मुद्दा उपयोगी. पण छप्पर घालताना भिंती चार फूट वाढवून वर माळ्याची खोली केली असेल तर ती दुरुस्ती राहत नाही.

दुसरा गठ्ठा, नियमात बसतं पण परवानगी घेतली नाही असं. म्हणजे आज अर्ज केला असता तर मंजूर झालं असतं. राज्यातल्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर ही एकत्रित नियमावली लागू आहे, त्यातलं चटईक्षेत्र, बाजूची अंतरं आणि उंची तुमच्या इंजिनिअरने लेखी तपासून द्यावी. यात बसलं तर तडजोड शुल्क भरून नियमित करण्याचा रस्ता असतो. शेजाऱ्याने संमती दिली म्हणून बाजूचं अंतर कमी चालतं असा समज आहे, तो काढून टाका, अंतर नियमाने ठरतं.

तिसरा गठ्ठा, काढावंच लागणारं. सरकारी किंवा गावाच्या जमिनीवरचं, रस्त्याच्या बांधकाम रेषेच्या आतलं, पऱ्या किंवा वहाळ अडवणारं, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आतलं वाढीव काम, आणि सीआरझेडच्या ना विकास क्षेत्रातलं, म्हणजे भरती रेषेलगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यातलं, नवीन बांधकाम. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या लोकांना पूररेषा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, पण नियम जगबुडीच्या आणि गडनदीच्या काठालाही तोच.

सीआरझेडवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुकीची माहिती इथे फिरते. लोक समुद्राच्या पाण्यापासून टेप लावतात. अंतर मोजायचं असतं ते उच्चतम भरती रेषेपासून, आणि ती रेषा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आखलेली असते. समुद्राकडे त्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड. खाडीकाठाला २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते, २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते. दाभोळ, जयगड, कर्ली, तेरेखोल अशा खाड्यांच्या आत दहा-दहा किलोमीटरवर राहणाऱ्यांना वाटतं समुद्र कुठे आहे इथे, पण भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर खाडीचा नियम लागतो. ग्रामीण किनाऱ्यावर २०१९ प्रमाणे ना विकास क्षेत्र दोन प्रकारचं आहे. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावात ५० मीटर, बाकी गावांत २०० मीटर. आपली बहुतेक गावं विरळ, म्हणजे २०० धरून चाला.

या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी आहे त्याच जोत्यावर, आहे त्याच क्षेत्रात करता येते. जोतं वाढलं की संरक्षण संपलं. मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांच्या राहत्या घरांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्या तुम्हाला लागू असतील तर उत्तरात स्पष्ट लिहा आणि पुरावा जोडा, कारण अधिकारी स्वतःहून ते तुमच्या बाजूने मांडतील असं नाही.

तपासा: राहत्या घराच्या परवानगीवर पर्यटकांना खोल्या देत असाल तर बांधकामाबरोबर वापराचाही प्रश्न येतो. नोटिशीत वापराचा उल्लेख आहे का बघा. पर्यटन विभागाची न्याहारी-निवास नोंदणी असली तरी त्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

## टप्पा ६: लेखी उत्तर, मुदतीच्या आत

तोंडी सांगून आलो, साहेब म्हणाले बघतो, याला फाईलमध्ये काही किंमत नाही. उत्तर लेखी, ज्या कार्यालयाने नोटीस काढली त्याच कार्यालयाला, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख टाकून. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर पोचपावतीच्या पोस्टाने त्याच दिवशी पाठवा आणि ईमेलही करा.

मुदत कमी असेल तेव्हाचं पहिलं पत्र एवढंच पुरतं:

"विषय: आपली नोटीस क्र. … दि. … बाबत खुलासा. वरील नोटीस मला दि. … रोजी मिळाली. मौजे …, सर्व्हे नं. …, हिस्सा नं. …, घर क्र. … येथील नोटिशीत नमूद काम थांबवले आहे. मंजूर नकाशा, मोजणीची क प्रत व परवानाधारक अभियंत्याचा नकाशा सादर करण्यासाठी … दिवसांची मुदत व प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी. तोपर्यंत पाडकामाची कारवाई करू नये, ही विनंती. सोबत: मोजणी अर्जाची पावती, सातबारा, नोटिशीची प्रत."

मग सविस्तर खुलासा. प्रत्येक बांधकामाला वेगळा परिच्छेद द्या, ते कुठल्या गठ्ठ्यात आहे ते आणि त्याचा कागद. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या कामासाठी खुलाशाबरोबरच कलम ५३ च्या पोटकलम ३ चा वापर करा. त्यात नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीमुळे बांधकामाला बाधा येत नाही. हा अर्ज मुदतीच्या आत जायला हवा. एवढं एक वाक्य लोकांना माहीत नसल्यामुळे घरं गेलीत, हे मला मनापासून सांगायचंय. नंतर कितीही चांगला नकाशा आणला तरी ही दारं बंद होतात.

उत्तरात काय लिहू नये तेही सांगतो. "चुकून झालं, माफी असावी" असं एक वाक्य लिहिलं की सगळं बांधकाम अनधिकृत असल्याची कबुली होते, त्यातला अर्धा भाग कायदेशीर असला तरी. नवीन खोली जुनी आहे असं खोटं लिहू नका. आणि "सगळ्या गावाने असंच बांधलंय" हे तर अजिबात नको, त्याने तुमचं काही सुटत नाही आणि वाडीतल्या दहा घरांना नोटिसा जातात.

इशारा: सातबारा सामाईक असेल तर नियमित करण्याच्या अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीचा प्रश्न येतो. तक्रार बहुतेक वेळा भावकीतूनच आलेली असते. भांडण आधी बसून मिटवा, संमतीपत्र घ्या, मुंबई-पुण्यातल्यांचं तिकडे नोटरी करून मागवा.

## टप्पा ७: सुनावणी

स्वतः जा. येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र देऊन माहितगार माणूस पाठवा, आणि इंजिनिअरला बरोबर न्या, कारण अधिकारी अंतरं आणि क्षेत्रं विचारतात, भावना विचारत नाहीत. मूळ कागद दाखवायला, झेरॉक्स द्यायला. सुनावणीची नोंद होते तेव्हा तुम्ही जे कागद दिले त्यांची यादी त्यात आली का बघा, नसेल तर दुसऱ्या दिवशी लेखी देऊन आवक शिक्का घ्या.

सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालाप्रमाणे शेवटच्या आदेशात कारणं हवीत, बांधकाम तडजोडीने नियमित होण्यासारखं आहे का हे हवं, आणि नसेल तर पाडणं हाच उपाय का हेही हवं. आदेशात हे नसेल तर वकिलाला तोच पहिला मुद्दा दाखवा.

कुणी "पैसे द्या, फाईल दाबतो" म्हणाला तर लांब राहा. दाबलेली फाईल पुढची तक्रार आली की वर येते, तेव्हा मुदत संपलेली असते आणि पैसे गेलेले असतात.

## टप्पा ८: विरुद्ध निर्णय आला तर

इथे दिवस मोजा. परवानगी नाकारली असेल तर एमआरटीपीच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील, आदेश कळल्यापासून चाळीस दिवस. महसूल संहितेखाली जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर अपीलाला साठ दिवस. पर्यावरण कायद्याखालच्या आदेशावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, तीस दिवस. दिवाणी कोर्टात जाण्याचा सल्ला कुणी दिला तर एमआरटीपीचं कलम १४९ आधी वकिलाबरोबर वाचा, त्यात कोर्टाच्या अधिकारावर बंधन आहे. आणि आदेशाला स्थगिती मिळाल्याशिवाय नुसतं अपील टाकून झोपू नका.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. घर किती वर्षं उभं आहे किंवा त्यात किती पैसे घातले यावरून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये परत स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे तिसऱ्या गठ्ठ्यातल्या कामासाठी वर्षानुवर्षं लढण्यापेक्षा तेवढाच भाग स्वतः काढून बाकीचं घर वाचवणं बरं. किहीमचा मोठा बंगला २०१९ मध्ये स्फोट करून पाडला त्याची बातमी झाली, तुमच्या-आमच्या दोन खोल्यांची होत नाही, तिथे जेसीबी येतो आणि जुन्या घराच्या भिंतीलाही हादरे बसतात. स्वतः काढलं तर चिरा, कौलं, लाकूड, पत्रे हातात राहतात.

## टप्पा ९: काढा, फोटो घ्या, फाईल बंद करून घ्या

काढायचं ठरलं तर तारीख लेखी कळवा. जोडलेली भिंत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, चिऱ्याच्या जुन्या भिंतीचा आधार काढला की वरचा वासा खाली येतो. काम करताना आधीचे, मधले, नंतरचे फोटो.

काम संपलं की इथेच सगळे थांबतात, आणि हीच शेवटची मोठी चूक. "नोटिशीप्रमाणे दि. … रोजी बांधकाम काढले आहे, स्थळपाहणी करून प्रकरण बंद करावे" असा अर्ज द्या, पाहणीचा पंचनामा होईल तेव्हा हजर राहा, आणि प्रकरण बंद केल्याचं पत्र मागून घ्या. नियमित झालं असेल तर शुल्काची पावती, सुधारित मंजूर नकाशा आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, तिन्ही घ्या. नुसती दंडाची पावती म्हणजे नियमित झालं असं नाही.

आमच्या घराचं मागचं बाथरूम गेलं, पडवी राहिली. प्रकरण बंद झाल्याचं पत्र मिळायला अजून चार फेऱ्या लागल्या, पण ते घेतलं. त्याची एक प्रत मुंबईला आहे, एक गावच्या घरी लॅमिनेशन करून कपाटात, आणि एक शेजारच्या काकूंकडे, कारण घर बंद असताना कुणी पाहणीला आलं तर दार त्याच उघडतात. त्यांच्याकडे आमचे दोन फोन नंबरही लिहून ठेवलेत आणि दारावर काहीही कागद लागला तर सगळ्या पानांचा फोटो पाठवायचा असं ठरलंय.

काढण्याचं काम असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा. एकदा पाऊस लागला की उघडी पडलेली भिंत भिजते, मातीचा लेप सुटतो, आणि कार्यालयाचा माणूसही पाहणीला सप्टेंबरशिवाय येत नाही.